पारडी बदलून

जुनं पितळी पारडं माळ्यावरून खाली आलं, तेव्हाच मावशीने ओळखलं की या रविवारी वाटणी होणार, आणि ती हसतखेळत होणार. हसतखेळत झालेल्या वाटणीचं एक असतं. काय राहून गेलं ते हसू ओसरल्यावर कळतं, आणि तोवर सह्या वाळलेल्या असतात.

काटेवाल्यांना इस्पितळातून घरी येऊन महिनाही झाला नव्हता. हृदयाची एक नळी मोकळी करून डॉक्टर म्हणाले होते, "आता जरा जपा." काटेवाल्यांनी त्याचा अर्थ "आता वाटून टाका" असा घेतला. अख्ख्या बाजारपेठेचे वजनकाटे ज्याने आयुष्यभर सरळ केले, त्याला मरणापेक्षा एकाच गोष्टीची धास्ती जास्त होती: आपल्यामागे कोणी म्हणू नये की म्हाताऱ्याचा काटा कलला होता.

"पुसून ठेव गं ते," त्यांनी आरामखुर्चीतून सांगितलं. "आणि चिठ्ठ्या तूच लिही. तुझ्या अक्षराला मान आहे."

"हो, चिठ्ठ्यांपुरता," मावशी म्हणाली. पण ते पंख्याकडे बघत होते.

या पारड्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. काटेवाले विधुर, पदरात एक मुलगी आणि एक मुलगा. मावशी पहिल्या नवऱ्याशी काडीमोड घेऊन आलेली, पदरात एक मुलगी. दोघांनी लग्न केलं, काटेवाल्यांची मुलं तिला मावशी म्हणू लागली. दोन संसार एका जिन्यावर चढले आणि पहिल्या वर्षी खिडकीच्या जागेपासून केकच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर निकाल ठरलेला: दोन विरुद्ध एक. मावशी तेव्हा मुलांच्या वॉर्डात नर्स होती. रडणं कशाचं खरं, कशाचं खोटं, ते तिला कळायचं. पण न्याय करायचा कसा ते कळत नव्हतं.

एकदा ती खाली दुकानात नुसती बसली असताना काटेवाल्यांनी तिला काटा तपासून दाखवला. "बघून कळत नाही बरं का खरा की खोटा," ते म्हणाले. "एकदा तोलायचं. मग दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करायचा आणि पुन्हा तोलायचं. खोटा असला की तिथे बोलतो."

त्या संध्याकाळी तिने एका मोडक्या काट्याचं पोरकं पारडं वर आणलं, तीन मुलांच्या तीन चिठ्ठ्या टाकल्या आणि नियम केला: ज्याची चिठ्ठी येईल त्याची वकिली करायची, स्वतःसाठी अवाक्षर काढायचं नाही. अकरा वर्षांच्या मुलाला नव्या बहिणीला खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडावं लागलं. तो इतका भांडला की शेवटी रडला, आणि ती जागा तिला मिळाली याचा त्यालाच आनंद झाला. वकिली करता करता अशील आवडायला लागतं, हा त्या नियमाचा आतबट्ट्याचा वाटणारा पण पक्का नफा.

आज मावशीने तशाच तीन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि पेन हातात धरून उभी राहिली. चौथी चिठ्ठी कधीच नव्हती. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याची चिठ्ठी कोण लिहिणार?

दोन दिवसांपूर्वी वकिलांचा फोन आला होता. "वहिनी, मृत्युपत्र नसतं तर तुमचा वाटा कायद्यानेच होता. ते केलं की मात्र जे लिहिलं तेच. मालमत्ता तीन, मुलं तीन, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आहे. तुमचं काय ते एकदा बोलून घ्या."

ती बोलणार होती. शब्द जिभेवर आले आणि स्वतःच्याच नियमाला अडखळून पडले. वॉर्डातली तिची जुनी जोडीदारीण सिस्टर आठवली. तिचा नवरा गेल्यावर सावत्र मुलं किती गोड वागली! घराला रंग द्यायचाय, वासाने तुम्हाला त्रास होईल, आठवडाभर भाचीकडे जाऊन या. दोन बॅगा घेऊन सिस्टर गेली. घराला रंग लागला, नवं कुलूपही लागलं. भांडण झालंच नाही, म्हणून तोडगाही निघाला नाही.

"आई, तू बोलणार की मी बोलू?" तिच्या पोटची मुलगी ओट्याशी येऊन कुजबुजली. तिला घरात सगळे चिमणी म्हणायचे. लहानपणी चिमणीएवढं खायची म्हणून. आता दारात उभी राहिली की उजेड अडतो, पण नाव राहिलं.

"कोणीच बोलायचं नाही."

"म्हणजे काका गेल्यावर तू राहणार कुठे?"

"काका कुठे जात नाहीयेत. साखर दे इकडे."

"आई!"

मावशीने आवाज खाली आणला. "हे बघ. तू माझ्यासाठी बोललीस तर त्याला वकिली नाही, वशिला म्हणतात. तू बोललीस की झालं, इकडे आपण दोघी, तिकडे ते तिघं. इतकी वर्षं मी या घरात 'तुमचे' आणि 'आमचे' हे शब्द शिरू दिले नाहीत. माझ्यापायी शिरायला नकोत. शब्द दे."

चिमणीने साखरेचा डबा दिला. शब्द द्यायला वेळ लागला, पण दिला.

*

काटेवाल्यांची थोरली, ताई, सगळ्यांच्या आधी आली आणि आल्या आल्या जिन्याचा कठडा हलवून बघितला. ती विमा कंपनीसाठी नुकसान मोजायचं काम करते. जळलेली, बुडालेली, कोसळलेली घरं बघून बघून तिला धड घरसुद्धा पडायच्या बेतात असल्यासारखं दिसतं. मागून तिचा भाऊ घाई आला, नावच त्याचं ते पडलेलं. रुग्णवाहिका चालवतो आणि घरातही तसाच शिरतो.

"चला, लवकर आटपा, चारला ड्यूटी आहे. कोणाला काय मिळालं?"

"अजून सुरूच झालं नाही रे," ताई म्हणाली. "बाबा जिवंत आहेत."

"दिसतायत की. बाबा, रंग बरा आहे तुमचा. मागच्या वेळी मी घेऊन गेलो तेव्हा पडद्यासारखा होता."

"तू ज्या वेगाने नेलंस," काटेवाले म्हणाले, "त्याने माझी नळी वाटेतच मोकळी झाली असणार. डॉक्टरांनी फुकट श्रेय घेतलं."

वकील टेबलाच्या डोक्याशी लॅपटॉप उघडून बसले होते. काटेवाल्यांचे बुद्धिबळातले जुने जोडीदार. साखर वर्ज्य असल्याने ते फक्त बिस्किटं खात होते. पारडं मध्यभागी ठेवलेलं पाहून त्यांनी चष्मा वर केला. "हा काय प्रकार?"

"घरची घटना," घाई म्हणाला.

"मी लिहून घ्यायला आलोय की जत्रा बघायला? बरं, आधी एक स्पष्ट करतो. या दोघांना तुम्ही काही लिहिलं नाहीत तरी कायदा ओळखतो. चिमणीला तुम्ही कितीही लाडाची म्हणा, सावत्र मुलीला कायदा लिहिल्याशिवाय ओळखत नाही."

"कायद्याला चष्मा लागलाय," काटेवाले म्हणाले. "म्हणून तर लिहितोय. दुकान, हे वरचं घर आणि नदीकडचं गोदाम. तीन गोष्टी, तीन मुलं."

"आणि वहिनींचं?"

"तिचं काय? ती आहेच की."

हे त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनेही. वकिलांनी मावशीकडे बघितलं. मावशीने त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. चिमणी खिडकीबाहेर बघू लागली.

चिठ्ठ्या निघाल्या. घाईला चिमणी आली.

"अशील तगडं आहे माझं," तो उभा राहिला. "दुकान चिमणीला द्यावं. कारणं. एक, औषधांच्या कारखान्यात ती दिवसभर मिलिग्रॅम मोजते. एक मिलिग्रॅम इकडेतिकडे झाला तर तिला जेवण जात नाही..."

"तेव्हाच काय ते जात नाही," ताई म्हणाली.

"वकिली चालू आहे, मध्ये बोलू नका! दोन, शाळा सुटली की मी मैदानावर पळायचो, ताई मैत्रिणींकडे, आणि ही बाबांच्या मांडीशी बसून वजनं पुसायची. कुठलं वजन कुठल्या खाचेतलं, ते डोळे मिटून सांगते. माझ्या हाती दुकान दिलंत तर महिन्याभरात तिथे टायर विकायला बसतील. तीन..." इथे तो चिमणीकडे वळला. "बाबा इस्पितळात होते तेव्हा दुकानाचं शटर हिने रोज उघडलं. गिऱ्हाईक यावं म्हणून नाही, बाबा विचारतील म्हणून."

"मंजूर," काटेवाले नाक ओढत म्हणाले.

चिमणीला ताई आली. तिने एकदा आईकडे बघितलं, मग शब्दाला जागून नीट वकिली केली. ताई जन्मभर लोकांची मोडलेली घरं मोजते आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. घरमालक दर वर्षी वाढवतो आणि नळ दुरुस्त करत नाही. घटस्फोटात तिने पडदेसुद्धा मागितले नाहीत. "वरचं घर ताईला द्यावं," चिमणी म्हणाली, आणि ते वाक्य आपल्याच आईच्या पायाखालची फरशी काढून घेतंय हे तिच्याइतकं त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस कपात चहा ओतत होतं. एक थेंब सांडला नाही.

ताईने घाईसाठी गोदाम मागितलं. त्याला स्वतःची रुग्णवाहिका घ्यायची आहे. ती काय खाटेखाली लावणार? हशा झाला. तेही मंजूर झालं.

"बघा वकीलसाहेब!" काटेवाले खुलून गेले. "एकाने स्वतःसाठी मागितलं? एकाचा आवाज चढला? लोकांकडे अशा वेळी डोकी फुटतात."

"कौतुक आहे," वकील बोटं झटकत म्हणाले. "आता घराचं वर्णन हवं. खोल्या किती, लांबी-रुंदी. कागद जुने आहेत तुमचे."

"त्याला किती वेळ लागतो?" ताईने पर्समधून टेप काढली. "चिमणे, टोक धर."

*

मोजताना ताई बोलत नाही. पुढची खोली, मधली खोली, बोळ. बोळात ती क्षणभर थांबली. इथे, याच फरशांवर, चौदा वर्षांची असताना तिने खडूने रेघ मारली होती आणि नव्या बाईला सांगितलं होतं, "याच्या अलीकडे यायचं नाही." मावशीने वाद घातला नाही. फरशी पुसताना ती रेघ सोडून पुसायची आणि ताईचं ताट रेघेवरून हात लांब करून द्यायची. रेघ कोणी पुसली नाही; बाकीच्यांच्या पायांनी झिजली.

मागच्या दोन खोल्यांत भिंतीची जाडी बदलली. ताईचं बोट तिथेच अडलं. नवं बांधकाम जुन्याला जोडलं की सांधा दिसतोच, रंगाचे कितीही हात मारा.

"हा भाग कधी वाढवला गं?"

"मी तिसरीत होते," चिमणी टेपचं टोक धरून म्हणाली. "आईचा फ्लॅट विकला त्या वर्षी."

"कुठला फ्लॅट?"

"आमचा. छोटासा होता. तुम्हा दोघांना वेगळी खोली हवी होती ना अभ्यासाला."

ताईला ती खोली आठवली. दाराला आतून कडी होती, आणि कडी लावण्याचं सुख होतं. ती कोणाच्या छपराच्या बदल्यात मिळाली, ते चौदाव्या वर्षी कोण विचारतं? नंतर विचारायचं राहून गेलं.

खाटेवर दोन उशा होत्या. एकीच्या बाजूला बाबांच्या गोळ्या, दुसरीच्या बाजूला सुईदोरा, चष्मा आणि बाबांच्या गोळ्या द्यायचं घड्याळ. ताईला तिच्या कामाचा छापील तक्ता आठवला. जळक्या घरात शिरल्यावर पहिला प्रश्न मालकाचा नसतो. तो दुसरा. पहिला असतो: इथे राहत कोण होतं?

"झालं, टेप सोड," ती म्हणाली.

चिमणीने टेप सोडली नाही. तिचे डोळे भरले होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते, शब्द दिलेल्या माणसाचे असतात तसे.

ताईने तिच्याकडे नीट बघितलं. नुकसान ओळखायचा तिचा धंदाच होता. "तुला बोलायला बंदी आहे," ती हळूच म्हणाली. "हो ना?"

चिमणीने मान हलवली नाही. नाकही पुसलं नाही, कारण हातात टेप होती.

"बरं," ताई म्हणाली. "मला नाहीये."

*

"बाबा, काटा खोटा आहे," ताई येऊन म्हणाली.

काटेवाल्यांना याहून मोठी शिवी नव्हती. त्यांच्या हातातला कप बशीवर आपटला. "कोणाचा?"

"आपला. एकदाच तोललं आपण. पारडी बदलून कुठे बघितलं?"

"अगं पण सगळ्यांना मिळालं की!"

"मावशीला काय मिळालं?"

"ती आहेच—"

"वकीलकाका, 'आहेच' हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"असा रकाना नसतो," वकील लगेच म्हणाले. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते पुडाभर बिस्किटं थांबले होते.

घाई पहिल्यांदाच कुठलीही घाई न करता बसून राहिला. मग तो म्हणाला, "च्यायला. आपण तिला पारड्यात टाकलंच नाही कधी."

"पुरे हं," मावशी उठली. "मला काही नको. माझं काय राहिलंय आता—"

"बस!" ताई म्हणाली. "स्वतःविषयी बोलायचं नाही. नियम तुझाच आहे. घाई, कागद दे."

चौथी चिठ्ठी ताईने स्वतःच्या हाताने लिहिली. पारड्यात टाकली आणि स्वतःच उचलली. यात काही लबाडी होती, पण कोणी हरकत घेतली नाही.

"माझ्या अशिलाला मी या घरात पहिली काही वर्षं नीट चालूही दिलं नाही," ती म्हणाली. तिने टेपचा खटका दोनदा दाबला. "घर माझ्या नावावर लिहा. पण मावशी आहे तोवर ते तिचं. राहणं तिचं, किल्ली तिची, कोणाला बोलवायचं तेही तिचंच. मला यायचं तर मी बेल वाजवून येईन. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, तिची सही असल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही."

"हयातभर राहण्याचा हक्क," वकील टाइप करत पुटपुटले. "असंच लिहितात. मी सुचवणारच होतो."

"मग सुचवलंत का नाही?"

"बशी पुढे येत होती ना."

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. तिने मान वर केली आणि अगदी बारीक आवाजात, जणू हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "आणि रंग द्यायचा झाला तर?"

मुलांना काही कळलं नाही. काटेवाल्यांना कळलं. सिस्टरची गोष्ट तिने त्यांना सांगितली होती, याच खुर्चीत. ते "वाईट झालं" म्हणाले होते आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. तेव्हा ती सिस्टरची गोष्ट सांगत नव्हती, हे त्यांना आत्ता कळलं. दुसऱ्यांचे काटे तपासताना माणूस स्वतःच्या काट्यावर रुमाल टाकून ठेवतो.

"लिहा वकीलसाहेब," ते म्हणाले. "रंग द्यायचा झाला तर एकेक खोली करून द्यायचा. ती आत असताना. रंग कुठला, ते ती ठरवेल."

"हे मृत्युपत्रात लिहू?"

"ठळक अक्षरांत."

"अहो, काहीतरीच," मावशी म्हणाली, पण बसली. चिमणी मागून येऊन तिच्या खांद्यांवर हात टाकून उभी राहिली. आता तो वशिला नव्हता.

"थांबा," घाई म्हणाला. "ती पारड्यात आली म्हणजे तिलाही चिठ्ठी उचलायला लागेल. नियम म्हणजे नियम."

चारही चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. मावशीने उचलली, उघडली, चष्म्याविना लांब धरून वाचली. ताईची होती.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "माझ्या अशिलाच्या नळातून महिनाभर पाणी गळतंय. मी असेपर्यंत घर माझं म्हणता ना? मग माझं पहिलं फर्मान. मागची हिची जुनी खोली रिकामीच आहे. हिने ते भाड्याचं बिऱ्हाड सोडून इथे यावं. काटेवाले गेल्यावर वगैरे नाही. या महिन्यात."

"मावशी, मी—"

"स्वतःविषयी बोलायचं नाही."

घाई टेबलावर थाप मारून हसला. काटेवाल्यांनी "मंजूर" म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की आता मंजुरी देणारे ते राहिले नाहीत. हे ध्यानात आल्यावर त्यांना फार हलकं वाटलं.

"नात्याच्या ठिकाणी काय लिहू?" वकिलांनी ताईला विचारलं. "घर तुमच्या नावावर, हक्क यांचा. तुमच्या त्या कोण?"

सगळे ताईकडे बघू लागले. मावशीसुद्धा, पण बशीकडे बघितल्यासारखं करून.

"मावशी लिहा," ताई म्हणाली. "इतक्या वर्षांचं वापरातलं माप आहे. उगाच बदललं तर सगळे हिशेब चुकतील."

मावशीने समाधानाने मान हलवली. ताई दुसरं काही म्हणाली असती तर मावशीला ते खरं वाटलं नसतं.

"आणि ते बेल वाजवून येण्याचं," वकील म्हणाले, "ते ठेवायचं की गमतीत होतं?"

"ठेवायचं."

"पण आपली बेल दोन वर्षं बंद आहे," चिमणी म्हणाली.

घाईने आधीच खुर्ची दाराशी ओढली होती. बेलचं झाकण निघालं, तार जुळली. "ड्यूटीच्या आत होतंय बघा. ताई, बाहेर जा, वाजवून बघ."

ताई बाहेर गेली. तिने दार ओढून घेतलं आणि जिन्यावर एकटी उभी राहिली. मग बटण दाबलं. आत बेल खणखणीत वाजली. कोणी उठलं नाही. तिने पुन्हा दाबलं.

आतून मावशीचा आवाज आला, हात पिठात असताना यायचा तसा, अर्धा वैतागलेला.

"ढकल की! उघडंच आहे."